कच्छच्या रणातली टिपणं, शहाद्याचा रानपिंगळा आणि आपला पोटखराबा

बुराईकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

कापसाची शेवटची वेचणी उरकली की आमच्या शिवारात दरवर्षी राबारी मेंढपाळ येतात, पार कच्छहून निघालेले. पुढे उंट, उंटावर उलटी बांधलेली खाट, तिच्यात लेकरं आणि दोन दिवसांची कोकरं, मागे धुळीचा लोट आणि मेंढ्या. माझे वडील त्यांच्या मेंढ्या रात्री शेतात बसवायचे आणि खताच्या बदल्यात धान्य द्यायचे. यंदा मीही चार रात्री बसवल्या. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी सहज विचारलं, "रणात काही उगवत नाही म्हणतात, मग तिकडे जनावर जगतं कसं?" बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग एकेक बोट मोडत गवतांची नावं सांगू लागले. दोन्ही हातांची बोटं संपली तरी नावं संपेनात.

त्या रात्रीमुळे मी सलीम अलींचं कच्छच्या पक्ष्यांवरचं पुस्तक मिळवून वाचलं. १९४५ सालचं, महाराव विजयराजजींच्या आश्रयाने झालेल्या पाहणीवरचं. तेव्हापासून रण आणि थारबद्दल हाती लागेल ते वाचतो आहे. गेले सहा महिने दुसरं काही सुचत नाही, म्हणून इथे लिहितो.

कोरड्या मुलखावर जीव लावून लिहिणारे निसर्गअभ्यासक पक्ष्याला त्याच्या जमिनीपासून तोडून बघत नाहीत आणि जमिनीला तिच्या इतिहासापासून तोडत नाहीत, हे मला या वाचनात फार भावलं. कच्छचंच घ्या. रण समजायचं तर १६ जून १८१९ पासून सुरुवात करावी लागते. त्या दिवशीच्या भूकंपात रणाच्या उत्तरेला ऐंशीहून अधिक किलोमीटर लांबीची जमीन वर उचलली गेली. माणसाने न बांधलेला बांध, म्हणून लोकांनी त्याला अल्लाह बंद म्हटलं. त्याच्या दक्षिणेला जमीन खचली आणि सिंदडीचा किल्ला पाण्यात गेला. सिंधूच्या पूर्वेकडच्या फाट्याचं गोडं पाणी आधीच वरच्या बांधांनी आटत आलं होतं, त्याची वाट या बांधाने अडवली. लखपतच्या बाजूची भातशेती संपली, पुढे बंदरही ओस पडलं. आज तिथे जे मीठ आणि जो शुकशुकाट दिसतो, त्याच्यामागे ही एवढी गोष्ट आहे.

आणि त्याच मिठावर रोहित पक्ष्यांची वसाहत भरते! पाऊस बरा झाला की मोठ्या रणात वीतभर पाणी साठतं. रोहित चिखल ओढून बुटके ओटे रचतात, ओट्याच्या माथ्यावर वाटीसारखा खळगा, त्यात बहुधा एकच अंडं. असे हजारोंनी ओटे. पाऊस हुकला तर त्या वर्षी वीण नाही. पक्षी रुसत नाहीत की मुलूख सोडून कायमचे जात नाहीत, पुढच्या बऱ्या पावसाची वाट बघतात. लहान रणातल्या रानगाढवांचंही तेच. साठच्या दशकात रोगराईने त्यांची मोजदाद ३६२ पर्यंत खाली आली होती. २०२० च्या गणनेत ती ६,०८२ भरली.

आता आपल्याकडे या. सातबारा काढा आणि पोटखराब्याचा रकाना बघा. लागवडीला न येणारी जमीन, म्हणून ती खराब. आमच्या गावचा दोन टेकड्यांमधला माळ त्या रकान्यात आहे. त्या माळावर चंडोल आहेत, धाविक आहेत, खोकड आहे. पखुर्डी आहे (काही ठिकाणी भाटतितर म्हणतात). पखुर्डीचा नर पाण्यात पोट बुडवून पिसं भिजवतो आणि ते पाणी उडत उडत पिल्लांपर्यंत नेतो. पिल्लं त्याच्या पोटाची पिसं चोचीत धरून पाणी पितात. एवढी हुशारी जिथे राहते त्या जमिनीला आपण खराब म्हणतो, तेही सरकारी कागदावर, पिढ्यान्‌पिढ्या.

विदर्भाच्या रानाला चितमपल्ली मिळाले. माणदेशच्या माळाला माडगूळकर मिळाले. खान्देशच्या माळाने कुणाची वाट बघायची? मला वाटतं, आपणच लिहायला हवं. तुमच्या गावच्या माळावर, खोऱ्यात, नदीकाठी तुम्ही स्वतः काय पाहिलंत? आजोबांनी काय पाहिलं होतं? तेही सांगा.

---

तळोदेकर

भाऊ, खान्देशात कुणी लिहिलंच नाही, हे मला पटत नाही. लिहिलं होतं. आपण ते वाचलं नाही.

रानपिंगळ्याची गोष्ट इथल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १८७२ साली ब्लुइट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडच्या बाजूला एक छोटं घुबड टिपलं. पुढच्याच वर्षी ह्यूमने (हो, काँग्रेसच्या स्थापनेतले ॲलन ह्यूम) त्याचं वर्णन छापून ब्लुइटचं नाव त्याला दिलं. त्यानंतर १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स डेव्हिडसन खान्देशात नोकरीला असताना त्याने शहादा-तळोद्याच्या रानात हा पक्षी मिळवला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून याचे जेमतेम सात नमुने, त्यातले बरेच आपल्या मातीतले. १८८४ नंतर खात्रीची एकही नोंद नाही.

पुढची गोष्ट वाईट आहे. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या बड्या लष्करी अधिकाऱ्याने सांगितलं की आपण १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला हा पक्षी मारला. जगाने विश्वास ठेवला. सलीम अली आणि रिप्ली यांच्यासारख्यांनी शोध घेऊनही पक्षी सापडला नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा कळलं की मांडवीचा तो पक्षी म्हणजे डेव्हिडसनने खान्देशात टिपलेलाच एक नमुना. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, उसवून नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला.

रासमुसेन यांनी मांडवी बाद केली आणि जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरली. आधी पूर्वेकडे शोधलं, तिथे काही मिळालं नाही. मग बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत त्या शहाद्याला आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ ला सातपुड्याच्या पायथ्याशी, सकाळच्या उजेडात, निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनी.

डेव्हिडसनने ठिकाण नीट लिहिलं, म्हणून पक्षी सापडला. एकाने खोटं लिहिलं, म्हणून चुकीच्या जागेवर दशकं गेली. नोंदीबद्दल मला यापुढे काही सांगायचं नाही.

---

भादलीवाला

भाऊ, भलतं भारी लिखं. आम्हना आजा लांडगास्न्या गोठी सांगे. आते ते रान बी नही नि लांडगा बी नही.

---

भूगोलाच्या बाई

लेख आवडला, तळोदेकरांचा प्रतिसादही. पण एक दुरुस्ती करते, कारण पुढची चर्चा त्याच पायावर उभी राहील.

खान्देश वाळवंट नाही. जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, धुळ्याला साधारण साडेपाचशे-सहाशे. सह्याद्रीच्या आडोशामुळे आपला पाऊस कमी, आणि जो पडतो तो चार महिन्यांत. उरलेले आठ महिने गवत वरून वाळून जातं, पण मुळाशी जिवंत असतं. हा गवताळ मुलूख आहे. तो मेलेलं वाळवंट नाही आणि उजाड झालेलं जंगलही नाही.

हा फरक मला वर्गात रोज शिकवावा लागतो, कारण त्यातली चूक फार महाग पडते. वाळवंट म्हटलं की लोकांना कीव येते. उजाड जंगल म्हटलं की लोक खड्डे खणायला धावतात. आमच्या तालुक्यात एका टेकडीवर मी डोळ्यांनी पाहिलं आहे, पवन्या आणि मारवेलचं गुडघाभर गवत नांगरून काढलं आणि ओळीने रोपं लावली. तीन उन्हाळ्यांनंतर रोपं गेली होती, पवन्याही गेलं होतं, उरली नुसती कुसळी. ज्यांनी ते केलं ती माणसं चांगली होती. त्यांच्या मुलांनी हाताने पाणी घातलं होतं. म्हणून मला अजून वाईट वाटतं.

झाड लावू नका असं मी म्हणत नाही. गावात, बांधावर, नदीकाठी लावा. माळावर चंडोलाला झाड नको असतं. त्याचं घरटं जमिनीवर, गवताच्या बुडख्याशी असतं.

---

बुराईकाठ

बाई, दुरुस्ती मान्य. मी "कोरडा मुलूख" या एका शब्दाखाली सगळं गोळा केलं, तसं करायला नको होतं.

तळोदेकर, तुमचं म्हणणंही मान्य. १८८० च्या खान्देश गॅझेटिअरमध्ये रानातल्या जनावरांवर, पक्ष्यांवर, अगदी माशांवरही पानं आहेत, हे मला माहीत होतं आणि तरी मी "कुणी लिहिलं नाही" असं लिहून बसलो. मराठीत लिहिलं नाही, असं म्हणायला हवं होतं.

---

अनेरथडी

मी शेतकरी आहे, शिरपूर तालुका. तुमचं सगळं मन लावून वाचलं. आता माझंही ऐका.

मागच्या रब्बीला नीलगायींनी दीड एकर हरभरा एका आठवड्यात संपवला. रात्री बायको आणि मी आळीपाळीने शेकोटीपाशी जागलो. भरपाईच्या अर्जासाठी तीन वेळा खेपा घातल्या, पंचनामा झाला तोवर शेतात दाखवायला काही उरलं नव्हतं. तुम्ही माळाबद्दल लिहिता तेव्हा मला आनंद होतो, मलाही पक्षी आवडतात. पण माळ राखा म्हणताना त्याच्या कडेला ज्याचं शेत आहे त्याचं काय, हेही त्याच लेखात यायला पाहिजे. नाहीतर लेख अर्धा राहतो.

---

बुराईकाठ

दादा, लेख अर्धाच राहिला आहे. तुमच्या प्रतिसादाने तो पुढे सरकला.

माझं निरीक्षण एवढंच. आमच्याकडे माळ नांगरला गेला, चराई संपली, तशी नीलगाय शेतात जास्त येऊ लागली. तिच्या पिल्लांवर नजर ठेवणारा लांडगा तर आधीच गेला. त्या राबारी बाबांना मी लांडग्याबद्दलही विचारलं होतं. त्यांच्या दोन मेंढ्या वाटेत गेल्या होत्या. त्यांनी शिवी दिली नाही. "त्याचा वाटा तो नेतो, पण वाटा देणाऱ्याला कुणी काही देत नाही," असं म्हणाले. तुमचं दुखणं तेच आहे असं मला वाटतं. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाल्याशिवाय माळ वाचणार नाही, हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं.

---

जळगावची मेघा

दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही जैसलमेरला गेलो होतो, म्हणून थारबद्दल थोडं लिहिते.

तिथलं राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं. नकाशावर बघितलं तर मोकळी वाळू वाटते. आत गेल्यावर सेवण गवत, केर, खेजडी, आणि गावागावाने देवाच्या नावाने राखलेली ओरणं. ओरणातली फांदीही कुणी तोडत नाही. आपल्या देवरायांसारखंच. आमचा गाडीवाला बिश्नोई होता. खेजडलीच्या ३६३ जणांची गोष्ट त्याने गाडी थांबवून, खाली उतरून सांगितली. १७३० साली खेजडीची झाडं तोडायला आलेल्या राजाच्या माणसांपुढे अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामागे बाकीचे. तो सांगत होता आणि माझी मुलगी रडत होती.

माळढोक आम्हाला एकदाच दिसला, फार लांबून. पूर्ण वाढलेला नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्याचे डोळे बाजूंना असल्यामुळे समोरचं त्याला कमी दिसतं. तो उडताना खाली जमीन न्याहाळत असतो, समोरची विजेची तार त्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि एवढं जड अंग ऐनवेळी वळत नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता. मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. सौर आणि पवन ऊर्जा देशाला हवी आणि पक्षीही हवा, असा तो पेच आहे.

मी हे का लिहिते? कारण साक्रीकडे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, सौर प्रकल्प आहेत, तारा आहेत. आपल्याकडे माळढोक उरलेला नाही. पण गिधाड, गरुड, भोवत्या, क्रौंच हे जातात-येतात. त्या तारांखाली कुणी महिन्यातून एकदा चालत जाऊन बघतं का? कुणी करत असेल तर मला सोबत यायचं आहे.

---

पाटणादेवीचा वाटाड्या

माझ्याकडून एक जुनी गोष्ट. चाळीसगावजवळ पाटणादेवीला लोक देवळासाठी येतात, भास्कराचार्यांसाठी येतात. त्याच पाटणे गावाजवळ सत्तरच्या दशकात एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. एका कवचाच्या तुकड्यावर आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. वय साधारण २५,००० वर्षं.

म्हणजे आपल्या खान्देशात शहामृग हिंडत होतं! आणि त्याचं अंडं फुटल्यावर कुणीतरी बसून, कवचाला भोकं पाडून, घासून, गळ्यात घालायला मणी केले.

भूगोलाच्या बाई म्हणतात की हे वाळवंट नाही, ते बरोबरच आहे. पण शहामृगाला मोकळा, कोरडा, गवताचा मुलूख लागतो. म्हणजे आपला माळ कालपरवा जंगल तोडून झालेला नाही. तो त्या मण्यांइतका जुना असू शकतो. मी पर्यटकांना देऊळ दाखवतो तेव्हा ही गोष्ट सांगतो, लोक थांबतात आणि पायाखाली बघतात.

---

भूगोलाच्या बाई

वाटाड्या दादा, हे मला ठाऊक होतं, पण मी कधी वर्गात सांगितलं नव्हतं. सोमवारी सांगणार.

---

गिरणाकाठ

वेडी बाभूळ राहिली. कच्छच्या बन्नीत १९६१ च्या सुमारास वनखात्याने ती मुद्दाम लावली, मीठ पुढे सरकू नये म्हणून. हेतू चांगला होता. पण गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी सगळीकडे पसरलं, आणि आशियातल्या नावाजलेल्या गवताळ प्रदेशांपैकी एक काट्यांनी भरून गेला. तिथले मालधारी (गुरं पाळणारे) आता तिचा कोळसाही करतात आणि तिला शिव्याही घालतात.

आमच्या गिरणेच्या पात्रात गेल्या वीस वर्षांत तेच झालं. वाळू गेली, तिच्या जागी वेडी बाभूळ आली. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही पात्रात टरबुजांच्या वाड्या बघायचो. टिटवी आणि छोटी आर्ली त्याच वाळूत अंडी घालायच्या, वाडीवाले त्या जागेला काठ्यांचं कुंपण करायचे. आता तिथे माणूस शिरू शकत नाही. आधी वाळू उपसणारे थांबले पाहिजेत. बाभूळ हा त्याचा परिणाम आहे.

---

तळोदेकर

एक विनंती. नोंदी करायच्या ठरल्या तर रानपिंगळ्याच्या घरट्याची जागा इथे कुणी लिहू नका. तालुका लिहा, महिना लिहा, बस. तो दिवसा हिंडतो, उघड्या फांदीवर बसतो, शेपटी हलवतो, त्यामुळे पटकन सापडतो. फोटोसाठी गर्दी झाली तर घरटं टाकून देईल. आपल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके स्पष्ट असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात, तेवढं बघून ठरवा. आणि खात्री नसेल तर "खात्री नाही" असंच लिहा.

---

बुराईकाठ

ठीक. मग असं करू. प्रत्येकाने तारीख, गाव किंवा तालुका, वेळ, काय दिसलं, किती, आणि जमीन कशी होती, एवढंच लिहायचं. कुणी सांगितलेलं असेल तर "सांगीव" म्हणायचं. काही दिसलं नाही तर तेही लिहायचं, "दोन तास बसलो, काही नाही." अहिराणीत लिहिलं तर फारच बरं, पक्ष्यांची तिकडची नावं मला हवी आहेत.

मेघाताई, तारांखाली चालायला मी येतो. साक्रीला भेटू. रविवार चालेल?

---

जळगावची मेघा

चालेल. मुलीलाही आणते.

---

अनेरथडी

ही माझी पहिली नोंद.

काल, शिरपूर तालुका, सकाळी सव्वाआठ. हरभऱ्याच्या शेताला लागून नाल्याचं डबकं, पलीकडे अडीच एकर पडीक, खडकाळ, गवत वाळलेलं. पखुर्डी १४. आवाज आधी आला, मग जोडीजोडीने उतरल्या. पाणी पिऊन लगेच उडाल्या. एक नर मागे राहिला. पाण्यात पोट टेकवून बसला होता, मी मोजलं नाही पण बिडी संपेपर्यंत नक्की. मग उडून पडिकाच्या बाजूला गेला.

चाळीस वर्षं त्या डबक्यावर बैल पाजतो आहे. तो तिथे का बसून राहतो, हे मला माहीत नव्हतं.